वाढत्या अंगाचे माप : घरी शिवलेल्या बालवस्त्रांच्या अभ्यासाची प्रस्तावना

घरी शिवलेले मुलांचे कपडे हा महाराष्ट्राच्या वस्त्रेतिहासातला असा भाग आहे, की ज्याचा पुरावा एके काळी घरोघर होता आणि तरीही जो आज जवळजवळ कोठेच उरलेला नाही. लग्नातला शालू, पैठणी किंवा जरीचा फेटा मऊ कापडात गुंडाळून पेटीत ठेवला जातो आणि दोन-तीन पिढ्यांनंतरही तो काढून दाखवता येतो. मुलाचे झबले मात्र थोरल्याकडून धाकट्याकडे, तिथून शेजारच्या घरी आणि शेवटी पोतेऱ्यापर्यंत जाते, कारण ते पुरेपूर वापरले जावे यासाठीच शिवलेले असते. परिणामी वस्त्रांचा इतिहास लिहिणाऱ्यांचे लक्ष राजवस्त्रांकडे, विणकरांच्या पेठांकडे आणि गिरण्यांच्या हिशेबांकडे जाते, आणि घरातल्या कातरीखालून गेलेले कापड नजरेतून सुटते. प्रस्तुत पुस्तकाचा विषय हेच सुटलेले कापड आहे. मुलाचा कपडा ज्या अंगासाठी शिवायचा ते अंग शिवून होईपर्यंतही स्थिर राहत नाही, आणि म्हणून त्याचे बेतणे, म्हणजे मापाप्रमाणे कापड आखून कापणे, हा मूलतः वाढीचा अंदाज असतो. त्या अंदाजात काटकसर, नातेसंबंध आणि हस्तकौशल्य एकत्र येतात, ही या अभ्यासाची मध्यवर्ती मांडणी आहे.

या मांडणीसाठी जालना जिल्ह्यातील घनसावंगी परिसर समोर ठेवला आहे, त्याला कारण आहे. दक्षिणेला गोदावरीचे पात्र, काळी कसदार जमीन, पावसाची अनिश्चितता आणि कापसाचे पीक ही या तालुक्याची ओळख. जांब समर्थ हे १६०८ साली जन्मलेल्या समर्थ रामदासांचे जन्मगाव याच तालुक्यात असल्यामुळे त्याचे नाव महाराष्ट्रभर परिचित आहे. जालना जिल्हा स्वतंत्रपणे अस्तित्वात आला तो १ मे १९८१ रोजी; त्यापूर्वी हा मुलूख औरंगाबाद जिल्ह्यात होता आणि १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात. गोदावरीच्या काठाने वर गेले की पैठण लागते. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक भाषेतील प्रवासग्रंथात पैठण आणि तेर या दख्खनच्या नगरांचा उल्लेख असून तेरहून साधे सुती कापड आणि मलमल भडोचच्या बंदराकडे जात असल्याची नोंद आहे. म्हणजे कापूस आणि कापड यांची या भागाला सुमारे दोन हजार वर्षांची सवय आहे. जालन्याच्या बाजारपेठेच्या भरभराटीवरून ‘जालना, सोने का पालना’ अशी म्हण पडली, त्या भरभराटीत सरकी काढून रुईच्या गाठी बांधणाऱ्या कारखान्यांचाही वाटा होता. शेतातून बोंडे वेचणाऱ्या हातांकडे तोच कापूस तागा होऊन, म्हणजे कापडाची अखंड गुंडाळी होऊन, दामदुपटीने परत येई. त्या ताग्यातून मुलांचे कपडे किती काळजीने काढावे लागत, हे ही किंमत लक्षात घेतल्याशिवाय समजत नाही.

कपड्यांच्या इतिहासात शिवलेले आणि न शिवलेले असा भेद महत्त्वाचा मानला जातो, आणि मराठवाड्याच्या खेड्यात तो विशेष स्पष्ट दिसतो. धोतर, उपरणे, पटका, लुगडे ही प्रौढांची मुख्य वस्त्रे अखंड कापडाची. ती नेसायची, गुंडाळायची किंवा बांधायची असत, आणि त्यांना सुईची गरज फाटल्यावरच पडे. पुरुषाची बंडी किंवा पैरण आणि बाईची चोळी एवढेच काय ते शिवलेले. लहान मूल मात्र नेसू शकत नाही. न शिवलेले वस्त्र अंगावर राहावे यासाठी ज्या हालचाली आणि जो सराव लागतो, तो त्याला नसतो; त्यामुळे ज्या घरात मोठी माणसे कातर न लागलेल्या कापडात वावरत, त्याच घरात तान्ह्याच्या अंगावर बेतून शिवलेला कपडा असे. गावगाड्याच्या व्यवस्थेत शिंप्याचे नाव बारा बलुतेदारांत सहसा येत नाही, तर अठरा अलुतेदारांच्या यादीत, म्हणजे ज्यांची गावाला नित्य नव्हे पण प्रसंगी गरज पडे अशांत येते, याचाही उलगडा यावरून होतो. शिवणाची रोजची गरज मोठ्यांपेक्षा मुलांना अधिक होती, आणि ती बरीचशी घरातच भागवली जाई.

नवजात बाळाच्या कपड्यांची यादी लहान असली तरी तिच्यातील प्रत्येक वस्तूमागे अनुभवाचा निष्कर्ष आहे. पहिल्या दिवसांत लागतात ती बाळोती, म्हणजे जुन्या धोतराची किंवा लुगड्याची फाडून काढलेली चौकोनी फडकी. अनेक धुण्यांनी त्यांतील खळ निघून गेलेली असते, धागा मऊ झालेला असतो आणि ती पाणी चटकन शोषतात. बाळाच्या अंगाला पहिल्यांदा जुनेच कापड लावावे, ही बहुतेक घरांत पाळली जाणारी रीत श्रद्धेची म्हणून सांगितली जाते. पण नव्या कोऱ्या कापडाचा खरखरीतपणा आणि त्यातील खळ नाजूक त्वचेला बाधते, हे त्या रीतीमागचे शहाणपण उघड आहे. झबले हे सैल अंगरख्यासारखे, पुढून किंवा मागून पूर्ण उघडणारे असते आणि त्याला गुंडीऐवजी कापडाचे बंद असतात. जन्मतः मुलाचे डोके त्याच्या एकूण लांबीच्या जवळजवळ चौथा हिस्सा असते, प्रौढात हे प्रमाण सुमारे आठवा हिस्सा उरते. एवढ्या मोठ्या डोक्यावरून आणि अजून न सावरलेल्या मानेवरून कपडा ओढण्यापेक्षा तो उघडून खाली अंथरणे आणि त्यावर बाळ ठेवून बंद बांधणे सोपे, हे झबल्याच्या घडणीचे कारण. टोपडे कान झाकून हनुवटीखाली बांधले जाते. लाळेरे छातीवरचा कपडा कोरडा ठेवते. दुपटे म्हणजे जुन्या मऊ कापडाचे थर एकत्र शिवून केलेले पांघरूण, ज्यात बाळ गुंडाळून घेतले जाते. कुंची ही डोके आणि पाठ एकदम झाकणारी, मागे चुण्या असलेली टोपी. तिच्यासाठी खणाचे कापड पसंत केले जाई. मूळचे चोळीसाठी विणले जाणारे हे काठाचे कापड कर्नाटकातील गुळेदगुड्ड येथून मराठी मुलखाच्या बाजारपेठांत येत असे.

या वस्तू कोणी शिवायच्या आणि कोणी आणायच्या, हे नात्यांनी ठरवलेले असते. पहिले बाळंतपण माहेरी होते, त्यामुळे बाळंतविडा, म्हणजे बाळ-बाळंतिणीसाठी तयार केलेला कपड्यांचा संच, आजोळकडून येतो. बारशाला नाव ठेवण्याचा मान आत्याचा, आणि त्या मानाबरोबर झबले-टोपडे आणण्याची जबाबदारीही तिच्याकडे येते. पहिल्या संक्रांतीला शिवले जाणारे काळे झबले या क्रमात वेगळे उठून दिसते, कारण इतर शुभप्रसंगी टाळला जाणारा रंग या सणाला मुद्दाम निवडला जातो. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंतच्या दिवसांत बोरन्हाण होते, मुलाला काळे झबले आणि हलव्याचे दागिने घालून त्याच्यावर बोरे, चुरमुरे आणि उसाचे करवे ओतले जातात. काळा रंग ऊब धरतो आणि हा सण थंडीत येतो, हे कारण नेहमी दिले जाते. मुसलमान कुटुंबांत अकीक्यासारख्या प्रसंगी बाळासाठी नवा कुर्ता आणि टोपी शिवली जाते, आणि बंजारा तांड्यांवर भिंगे व कवड्या लावून भरतकाम केलेल्या कपड्यांची परंपरा आहे. धर्म आणि जात यांनुसार आकार, रंग आणि प्रसंग बदलले, तरी बाळाचा कपडा हा कुटुंबाच्या दोन्ही बाजूंनी दिलेला शब्द असतो, ही कल्पना सर्वत्र समान राहते.

मुलाचे अंग किती वेगाने बदलते, याची आकड्यांत कल्पना आल्याशिवाय शिवणाऱ्या बाईचे कसब लक्षात येणार नाही. जन्मवेळी सुमारे ५० सेंटिमीटर असणारे मूल पहिल्या वर्षात आणखी सुमारे २५ सेंटिमीटर वाढते आणि त्याचे वजन तिप्पट होते. दुसऱ्या वर्षात वाढ सुमारे १२ सेंटिमीटरवर येते, आणि पुढे वयात येईपर्यंत ती वर्षाला साधारण ५ ते ७ सेंटिमीटर राहते. छातीचा घेर मात्र उंचीच्या मानाने बराच सावकाश वाढतो. म्हणून तीन-चार वर्षांच्या मुलीचा परकर किंवा फ्रॉक रुंदीला पुरेसा असतानाच लांबीला अपुरा पडतो, आणि घरगुती शिवणातील बहुतेक युक्त्या या एकाच अडचणीवर योजलेल्या असतात. खालच्या कडेला तीन इंचांची दुमड ठेवली, म्हणजे ७ ते ८ सेंटिमीटर कापड आत राखले, की एका वर्षाच्या वाढीची सोय झाली. दुमड उसवून पुन्हा शिवली की कपडा नवा होतो. परकराच्या घेरावर आडव्या शिवलेल्या घड्या शोभेच्या दिसतात, पण त्याही गरज पडेल तशा एकेक करून सोडण्यासाठीच असतात. बगलेत आणि बाजूच्या शिवणीत आत राखलेल्या जादा कापडाला माया म्हणतात, आणि ती किती सोडली आहे यावरून शिवणाऱ्याची दूरदृष्टी जोखली जाते. कमरेला काज-बटण न करता नेफा, म्हणजे नाडी ओवण्यासाठी दुमडून शिवलेली पोकळ पट्टी, करण्यामागेही हाच विचार आहे. लहान मुलाचे पोट पुढे असते आणि कंबर अशी नसतेच, म्हणून कपड्याचा भार कमरेऐवजी खांद्यावर टाकणारे आकार, वरचा भाग नेमका आणि खाली चुण्यांचा घेर, हे मुलांच्या कपड्यांत पुन्हा पुन्हा दिसतात.

कापडाची जाण या मोजमापाइतकीच महत्त्वाची आहे. उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो अशा या प्रदेशात सुती कापडाला पर्याय नव्हता. रोजच्यासाठी मांजरपाटासारखे जाडसर स्वस्त कापड, तान्ह्यासाठी मलमल, सणासाठी छापील पॉपलिन किंवा खण, आणि थंडीसाठी फलालीन, अशी निवड असे. कोरे सुती कापड पहिल्या धुण्यात आटते, म्हणून ते आधी भिजवून, वाळवून मगच कापावे, हा नियम न पाळणाऱ्याला एका धुण्यात शिक्षा मिळते. उभ्या धाग्यावर कापलेले कापड कमी ताणले जाते आणि लोंबताना सरळ पडते, आडव्या धाग्यावर ते थोडे सुटते, आणि तिरके कापले तर सर्वांत जास्त ताणले जाते. गळ्याच्या गोलाईला तिरकी पट्टी लावतात ती याच गुणासाठी. पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, ठरलेली असते, आणि त्या रुंदीत पुढचा भाग, मागचा भाग, बाह्या आणि गळपट्टी एकमेकांच्या फटींत कसे बसवायचे, हे शाळेत न शिकलेल्या बाईचे भूमितीचे ज्ञान होते. दिवाळीला एकाच ताग्यातून सगळ्या भावंडांचे कपडे काढण्याची जुनी पद्धत आज हौशीने आठवली जाते. ती चालू राहिली त्याला कारण असे, की अनेक कपडे एकत्र बेतले की तुकडे एकमेकांत बसतात आणि कापड कमी वाया जाते. उरलेल्या तुकड्यांचे खिसे, बंद, बाहुलीची चोळी आणि ठिगळे होत.

शिलाई यंत्र या जगात उशिरा आले आणि आल्यावर त्याने कामाचा वेग बदलला. एलियस हाव याचे पेटंट १८४६ चे आणि आयझॅक सिंगर याचे १८५१ चे. यंत्राच्या टाक्याचे मर्म असे, की सुईतला दोरा आणि खालच्या बॉबिनमधला दोरा कापडाच्या जाडीत एकमेकांत अडकतात, त्यामुळे टीप दोन्ही बाजूंनी सारखी दिसते आणि एक टाका तुटला तरी सगळी शिवण ओघळत नाही. अमेरिकेत १८६० च्या सुमारास प्रसिद्ध झालेल्या हिशेबानुसार पुरुषाचा एक सदरा हाताने शिवायला सुमारे १४ तास लागत आणि यंत्रावर सुमारे सव्वा तास. यंत्रांविषयी कठोर असलेल्या गांधीजींनी १९२४ मध्ये एका विद्यार्थ्याच्या प्रश्नाला उत्तर देताना सिंगरच्या यंत्राचा अपवाद केला होता. बायकोला टाके घालत बसलेली पाहून सिंगरने प्रेमापोटी हे यंत्र केले, असे त्यांचे म्हणणे होते. सिंगरचा हेतू मुख्यतः व्यापारी होता, असे त्याच्या चरित्रावरून दिसते, त्यामुळे ही कथा इतिहास म्हणून टिकत नाही. पण घरातील श्रम हलके करणारे यंत्र आणि माणसाला हद्दपार करणारे यंत्र यांत गांधीजींनी केलेला भेद या विषयाला लागू पडतो. कोलकात्याच्या जय इंजिनिअरिंग वर्क्सने १९३० च्या दशकात ‘उषा’ यंत्रे बनवायला सुरुवात केल्यावर देशी बनावटीचे पायमशीन हळूहळू मध्यम परिस्थितीच्या घरांच्या आवाक्यात आले. पुढे जिल्हा परिषदांच्या महिला व बालकल्याण विभागांनी शिलाई यंत्रांसाठी योजना काढल्या, आणि १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या केंद्राच्या विश्वकर्मा योजनेतील १८ व्यवसायांत शिंपीकामाचा समावेश झाला.

यंत्रामुळे घर आणि व्यवसाय यांतील रेषा पुसट झाली. शिंपी समाजाची या प्रदेशातली मुळे खोल आहेत. नामदेवांचे जन्मस्थान म्हणून परंपरा ज्या नरसीकडे बोट दाखवते, ते गाव आजच्या हिंगोली जिल्ह्यात, म्हणजे मराठवाड्यातच आहे. शिंप्याच्या घरात कापणे आणि टीप मारणे बहुधा पुरुषांकडे, तर काजे, बटणे आणि हातशिलाई बायका-मुलांकडे असे. शिंपी कुटुंबाबाहेरच्या स्त्रियांनी शिवण शिकावे हा विचार सुधारणेच्या चळवळीतून आला. पुण्यात १९०९ मध्ये रमाबाई रानडे आणि गोपाळ कृष्ण देवधर यांच्या पुढाकाराने सुरू झालेल्या सेवासदनात शिवणकामाचे वर्ग होते, आणि विधवा व परित्यक्ता स्त्रियांच्या हाती मिळकतीचे साधन यावे हा त्यामागचा उद्देश होता. १९३७ च्या वर्धा शिक्षण परिषदेनंतर हस्तोद्योगाला शिक्षणाच्या केंद्रस्थानी आणण्याचा प्रयत्न झाला, तरी शिवण हा मुलींचा विषय ही समजूत शाळांतून पूर्णपणे गेली नाही. हैदराबाद संस्थानात स्त्रीशिक्षणाचा प्रसार पुण्या-मुंबईच्या मानाने मंद होता, म्हणून गोदाकाठच्या खेड्यांत शिवणाचे बहुतेक ज्ञान छापील आकृत्यांविना, जुना कपडा उसवून त्याचे भाग नव्या कापडावर ठेवून आखायचे, या पद्धतीने पुढे गेले. उसवलेला कपडा हाच तिथे नमुना आणि तोच पाठ्यपुस्तक होता.

कपडा अंगाला येईनासा झाला म्हणजे त्याचे आयुष्य संपले, असे या व्यवस्थेत होत नसे. थोरल्याचा सदरा धाकट्याला, तिथून बाहीचे कापड टोपड्याला, आणि उरलेले गोधडीत, असा त्याचा प्रवास असे. गोधडी किंवा वाकळ म्हणजे जुन्या लुगड्यांचे आणि धोतरांचे थर एकमेकांवर पसरून धावदोऱ्याने, म्हणजे कापडाच्या आत-बाहेर सरळ जाणाऱ्या साध्या टाक्याने, एकजीव केलेले अंथरूण-पांघरूण; उन्हाळ्यात शेतीची कामे थांबली की दुपारच्या वेळी चार-पाच बायका तिच्या कडांना बसून ती पुरी करत. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांच्या बिऱ्हाडात ही गोधडी आजही असते आणि उघड्यावरच्या कोपीत मुलाला तीच अंथरली आणि पांघरली जाते. बंगालमधील कांथा जुन्या साड्यांच्या थरांतूनच तयार होते आणि तिथेही नवजात बाळ तिच्यात गुंडाळले जाते. उत्तर कन्नड जिल्ह्यातील सिद्दी स्त्रियांची कवंदीही याच कुळातली. जुन्याचा मऊपणा लहानाच्या कामी आणण्याची ही बुद्धी इतक्या दूरदूरच्या प्रदेशांत स्वतंत्रपणे आढळते, यावरून ती गरिबीतून आलेली तडजोड तर होतीच, शिवाय कापडाच्या गुणांची नेमकी पारखही होती, असे म्हणावे लागते.

या विषयाचे वर्णन करताना एक धोका सतत राहतो, तो म्हणजे हाताने केलेल्या संसाराचे गोडवे गाताना त्या हातांचे कष्ट विसरण्याचा. केंद्र शासनाच्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटे देतात आणि घरकामात भाग घेणारे पुरुष ९७ मिनिटे. त्यात शिवणाचा वेळ बहुधा सगळ्यात शेवटी, इतर कामे आटोपल्यावर, मंद उजेडात काढला जातो. कापूस वेचून आलेल्या बाईने रात्री मुलाची चड्डी शिवली, तर त्यात वात्सल्य असते आणि तयार चड्डीला पैसे नसल्याची सक्तीही असते. अभ्यासकाने यातली एक बाजू सांगून दुसरी गाळणे हा त्या बाईवर अन्याय ठरेल. मूल न झालेल्या किंवा मूल गमावलेल्या बायकांना बाळंतविड्याच्या शिवणापासून दूर ठेवले जाई, हेही या परंपरेचे अंग आहे आणि ते झाकून ठेवण्यासारखे नाही. तसेच जुन्या पद्धतींतले सगळेच निर्धोक नव्हते: मानेभोवतीचे लांब बंद आणि टोपड्यावर टाकलेले सुटे मणी यांतला गळफासाचा व ठसक्याचा धोका आज बालरोगतज्ज्ञ सांगतात. म्हणून पुढील प्रकरणांत जुने आकार देताना बंद आखूड आणि सजावट घट्ट शिवलेली ठेवली आहे.

तयार कपड्यांच्या प्रसाराने गेल्या काही दशकांत हे चित्र पालटले. कोलकात्याजवळच्या मेटियाब्रुझमध्ये मुलांच्या कपड्यांचा मोठा व्यवसाय उभा राहिला, सोलापूरने गणवेशांच्या उत्पादनात नाव मिळवले, आणि आठवडी बाजारातल्या पालांवर वीस नंबर, बावीस नंबर असे क्रमांक सांगून विकले जाणारे कपडे कापडाच्या आणि शिलाईच्या एकत्रित खर्चाहून स्वस्त पडू लागले. ही सोय नाकारण्याचे कारण नाही. हजारो बायकांची रात्रीची जागरणे तिने वाचवली. पण सरासरी मुलासाठी ठरवलेले माप आणि समोर उभ्या असलेल्या मुलाचे माप यांतले अंतर काय असते, हे महाराष्ट्राने अलीकडेच मोठ्या प्रमाणावर पाहिले. २०२४-२५ या शैक्षणिक वर्षात ‘एक राज्य, एक गणवेश’ या धोरणाखाली कापड मध्यवर्ती पद्धतीने खरेदी करून शिलाईचे काम महिला आर्थिक विकास महामंडळामार्फत बचत गटांकडे देण्यात आले. स्त्रियांच्या हाताला काम मिळावे हा त्यातला हेतू स्तुत्य होता. मात्र गणवेश उशिरा पोचल्याच्या आणि अंगाला नीट न बसल्याच्या तक्रारी ठिकठिकाणांहून आल्या, आणि डिसेंबर २०२४ मध्ये ही जबाबदारी पुढील वर्षापासून पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे देण्याचा निर्णय झाला. या अनुभवावरून शिवणाऱ्या बायकांच्या कौशल्याविषयी निष्कर्ष काढणे चूक होईल. त्यांच्या हाती कापड होते, यंत्र होते, मजुरी ठरली होती. ज्याच्यासाठी शिवायचे ते मूल मात्र समोर उभे नव्हते, आणि मुलांच्या कपड्यात नेमकी तीच गोष्ट वगळून चालत नाही.

घरी शिवण्यातल्या आनंदाचा विचारही इथूनच करता येतो. माप घेताना मूल काही क्षण तरी स्थिर उभे राहते आणि शिवणारी व्यक्ती त्याच्याकडे पूर्ण लक्ष देऊन पाहते. मागच्या वर्षीपेक्षा बाही किती चढली, खांदा किती रुंदावला, एक खांदा दुसऱ्याहून खाली आहे काय, हे त्या वेळी ध्यानात येते. आजीची नजर मंदावली की सुईत दोरा ओवण्याचे काम नातवंडांकडे येते, धाकट्याला बटणांचा डबा लावून ठेवायला मिळतो, मोठी मुलगी टीप सरळ ठेवायला शिकते आणि बाप कडा ताणून धरतो. एका कपड्याभोवती घरातील प्रत्येकाला वयाप्रमाणे काम मिळते, आणि काम मिळाल्याने प्रत्येकाला त्या कपड्यावर थोडा हक्क सांगता येतो. साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’ मध्ये धाकट्या भावासाठी पैसे साठवून कोट शिवून घेणारा श्याम वाचकांच्या लक्षात राहिला, तो त्याने स्वतः टाके घातले म्हणून नव्हे; भावाला कशाची उणीव आहे हे त्याने पाहिले आणि त्यासाठी आपल्या गरजा मागे ठेवल्या, म्हणून. हाताने केलेल्या वस्तूची किंमत हाताच्या स्पर्शाइतकीच या पाहण्यातून येते, आणि म्हणून शिंप्याकडून नीट माप देऊन शिवून घेतलेला कपडाही या अभ्यासाच्या कक्षेत येतो.

पुस्तकाची रचना या विवेचनाला अनुसरून केली आहे. पहिल्या भागात तान्ह्या बाळाच्या कपड्यांचे आकार, मापे आणि शिवण्याचा क्रम दिला आहे. दुसऱ्या भागात एक ते दहा वर्षांच्या मुलामुलींचे रोजचे आणि सणाचे कपडे, त्यांत वाढीसाठी सोडायची जागा आणि दुरुस्तीच्या पद्धती आहेत. तिसऱ्या भागात जुन्या कापडाचा पुनर्वापर, दुपटी आणि गोधड्या यांचा विचार केला आहे. मापे सेंटिमीटर आणि इंच या दोन्हींत दिली आहेत, कारण शाळेत एक शिकवले जाते आणि शिंप्याच्या फितीवर अजून दुसरे बोलले जाते. सर्व सूचना मुलगा आणि मुलगी या दोघांनाही शिकता याव्यात अशा लिहिल्या आहेत. हे आकार कागदावर उतरवण्याची निकड उघड आहे: ज्या स्त्रियांना ते फितीशिवाय, वितीच्या आणि बोटांच्या मापाने येतात, त्यांची पिढी वृद्ध झाली आहे, आणि त्यांनी शिवलेले कपडे वापरून संपले आहेत. या पुस्तकाचा उपयोग करणाऱ्याने त्यातील मापे अखेरची मानू नयेत. प्रत्येक आकृतीशेजारी मोकळी जागा ठेवली आहे, तीत आपल्या मुलाचे माप, तारीख आणि सोडलेली माया लिहावी. पुढच्या वर्षी तीच नोंद छापील तक्त्यापेक्षा अधिक उपयोगी पडेल.